धंदा कुठला ते नंतर, आधी मालकी कुठली ते ठरवा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्वतःचं काही सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सध्या कुठला धंदा चालेल?" लहान व्यवसायांची हिशेबाची आणि कराची कामं करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. त्याचं सरळ उत्तर मी देत नाही. घोडबंदर रोडला एकाच रांगेत एका पोळी-भाजी केंद्रासमोर संध्याकाळी गर्दी असते आणि चार दुकानं सोडून तसंच दुसरं केंद्र वर्षाच्या आत बंद पडतं. माल तोच, गिऱ्हाईकही तेच. पुष्कळदा फरक मालकाच्या गरजेत असतो. एकाला जे हवं होतं ते त्या कामातून मिळत होतं, दुसऱ्याला ते तिथे मिळणारच नव्हतं, मग तो हळूहळू दुकानात यायचाच कमी झाला.

म्हणून नवख्या माणसाला माझा आग्रह असतो की आधी आपल्याला मालक का व्हायचंय ते नीट तपासावं, त्यावरून मालकीचा प्रकार ठरवावा आणि मगच धंदा शोधावा. हा क्रम उलटा झाला की पैसे अडकतात आणि घरची शांतताही जाते.

पायरी १: खरं कारण कागदावर आणा

"नोकरीचा कंटाळा आलाय" हे कारण धरू नका. त्यातून तुम्हाला काय नको आहे एवढंच कळतं, आणि साहेबाचा राग तर नवी नोकरी मिळाली तरी जातो. एका कागदावर लिहा: पाच वर्षांनी माझा साधा मंगळवार कसा जायला हवा? किती वाजता उठलोय, दिवसभर कोणाशी बोलतोय, हाताने काय करतोय, संध्याकाळी कुठे आहे, महिन्याअखेर घरात किती देतोय. मग तो कागद घरच्यांना वाचायला द्या. तुम्ही स्वतःला सांगितलेली सोयीची कारणं घरचे लगेच ओळखतात.

कळव्याचं एक जोडपं आलं होतं. काका कंपनीतून निवृत्त होणार होते, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात येणार होते आणि डोक्यात नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "आयुष्यभर भोंग्यावर धावलो, आता आपल्या वेळेवर जगायचंय." काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, मग पहाटे साडेचारला पोह्यांचा कांदा कोण चिरणार? आणि गणपतीला गावी जायचं की नाही?" काका बराच वेळ गप्प होते. मग खरी गोष्ट बाहेर आली. त्यांना भीती होती ती घरात नुसतं बसून राहण्याची. लोकांत वावरायचं होतं, कोणीतरी कामासाठी बोलवावं असं वाटत होतं. त्यांच्याकडे वायरमनचा परवाना होता. शेवटी त्यांनी हाउसिंग सोसायट्यांच्या पंपांची आणि वायरिंगची वार्षिक देखभाल स्वतःच्या नावावर सुरू केली. जवळपास भांडवलच लागलं नाही, दिवसभर चार लोकांत वावर असतो, आणि गणपतीत जावई-पुतण्यापैकी कोणीतरी फोन सांभाळतं. हॉटेलात घातले असते तर ते पैसे बहुधा परत आले नसते.

पायरी २: कारणावरून मालकी निवडा

मालकीचा कुठलाही प्रकार बघताना दोन प्रश्न धरून ठेवा. निर्णय कोण घेणार? आणि तोटा झाला तर कोण सोसणार?

मनासारखं काम करायचं हेच तुमचं कारण असेल तर एकल मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तुमच्यासाठी. पॅनकार्ड तुमचंच, निर्णय तुमचा, बंद करणंही सोपं. पण धंद्याचं कर्ज हे तुमचं वैयक्तिक कर्ज असतं, हे मनात पक्कं असू द्या. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, पुरवठादाराची थकबाकी राहिली, तर वसुली तुमच्या बचतीपर्यंत येऊ शकते. म्हणून कर्ज आणि उधारी कमी असलेल्या कामांना ही मालकी शोभते: क्लासेस, दुरुस्ती, शिवणकाम, हिशेब, डबे.

ज्याला ठरलेली पद्धत आवडते, दुसऱ्याने आखून दिलेलं काम जो मन लावून करतो आणि ज्याला नाव रुजवण्याची दगदग नको, त्याने फ्रँचायझी, म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडच्या नावाने चालवायचं दुकान, बघावी. इथे मला जरा थांबायचंय, कारण व्हीआरएस घेतलेल्या आणि निवृत्तीचे पैसे हाती आलेल्या माणसांना सगळ्यात जास्त हीच विकली जाते. "स्वतःचा मालक व्हा" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मेनू, दर, रंग, कच्चा माल कुठून घ्यायचा, सवलत कधी द्यायची, बहुतेक सगळं कंपनी ठरवते. तोटा मात्र तुमचा. स्वतंत्र बाण्याच्या माणसाची फ्रँचायझीत घुसमट होते. शिस्तप्रिय माणूस तिथेच चांगला रमतो.

तरीही सही करण्याआधी एक हिशेब स्वतःच्या हाताने मांडा. समजा जीएसटी वगळून महिन्याची विक्री ४ लाख आहे. कच्चा माल ४५ टक्के धरला तर १ लाख ८० हजार. दुकानाचं भाडं ७० हजार, तीन-चार मुलांचे पगार ७५ हजार, वीज आणि किरकोळ २० हजार. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडचं नाव वापरण्याची फी, ६ टक्के म्हणजे २४ हजार. उरले ३१ हजार. आता यासाठी २० लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं असेल तर हप्ता साधारण ४३,५०० रुपये. म्हणजे ४ लाखांचा गल्ला होऊनही दर महिन्याला घरातून साडेबारा हजार घालायचे, आणि यात तुमचा स्वतःचा पगार कुठेच नाही. रॉयल्टी सहसा विक्रीवर घेतात, नफ्यावर घेत नाहीत. तुम्ही तोट्यात असलात तरी ती जाते. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच. कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या तक्त्यात भाडं कुठलं धरलंय ते बघा. राम मारुती रोडचं भाडं आणि कासारवडवलीचं भाडं एक नसतं.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. मुख्य आधार भारतीय करार कायदा, १८७२ चा. म्हणजे करारात जे लिहिलंय तेच तुमचं संरक्षण. किती अंतरात दुसरी शाखा देणार नाही, मुदत संपल्यावर नूतनीकरणाची फी किती, मध्येच बाहेर पडलो तर ठेव परत मिळते का, ही कलमं वकिलाकडून वाचून घ्या. आणि त्याच ब्रँडच्या, कंपनीने सुचवलेल्या नसलेल्या दोन दुकानदारांना दुपारच्या निवांत वेळी जाऊन भेटा.

कारागिरीत जीव असलेल्या माणसासाठी दुसरा रस्ता. रबाळे, महापे, पावणे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर वर्षानुवर्षं हात बसलेली माणसं आहेत. त्यांना स्वतःचा गाळा हवा असतो, कारण काम आपल्या दर्जाने करायचं असतं. पण मालक झालं की निम्मा दिवस ऑर्डर आणणं, पैशाचा तगादा आणि कामगारांच्या रजा यात जातो, मशीन राहतं दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाने एकतर दोन-तीन माणसांपुरतंच लहान राहावं, किंवा विक्री जमणारा भागीदार घ्यावा.

भागीदारी म्हटली की आपल्याकडे मैत्रीवर विश्वास ठेवतात आणि कागद टाळतात. "अरे, आपल्यात कसला कागद?" असं ज्या प्रेमाने म्हटलं जातं त्याच प्रेमापायी कागद करा. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्यानुसार एका भागीदाराने धंद्यासाठी केलेला व्यवहार दुसऱ्यालाही बांधतो, जबाबदारीही अमर्याद असते. करारनाम्यात एवढं तरी हवंच: कोणाचे किती पैसे, जो रोज गाळ्यावर उभा राहतो त्याला नफ्याआधी किती पगार, किती रकमेवरच्या चेकवर दोघांच्या सह्या, कोणाच्या घरचं कोण कामाला येऊ शकतं, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, ती किती हप्त्यांत द्यायची. शेवटचं कलम बहुतेक करारनाम्यांत एका ओळीत उरकलेलं असतं, आणि मैत्री तुटते ती नेमकी तिथे. संस्थेची नोंदणीही करा. नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला कराराचे थकलेले पैसे वसूल करायला बाहेरच्या पार्टीवर दिवाणी दावा लावता येत नाही. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना भाग करून देण्याच्या कामाचा, सगळा व्यवहार उधारीवर चालतो, तिथे ही गोष्ट फार महागात पडते.

एकाच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या घरावर येऊ नये असं वाटत असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, घ्या. २००८ च्या कायद्याने हा प्रकार आला. किमान दोन भागीदार लागतात, जबाबदारी मर्यादित असते, आणि भागीदार बदलले तरी संस्था चालू राहते. त्यामुळे "मुलांसाठी काहीतरी उभं करायचंय" हे कारण असणाऱ्यांनीही एलएलपी किंवा कंपनी बघावी. प्रोप्रायटर गेला की त्याच्या नावावरच्या नोंदण्या आणि करार वारसांना धावपळ करून बदलून घ्यावे लागतात. पण मुलांना तो धंदा हवा आहे का, हे त्यांना आधी विचारा.

मोठं करायचंय, बाहेरची गुंतवणूक आणायचीय, उद्या विकायचंही मनात आहे, अशांनी प्रायव्हेट लिमिटेडचा खर्च सोसावा. किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट करून विवरणपत्रं भरावी लागतात. व्हिजिटिंग कार्डावर "डायरेक्टर" छापण्यासाठी कंपनी काढू नका, ती बंद करतानाही कागद आणि पैसे लागतात. बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलीत तर तेवढ्यापुरतं मर्यादित जबाबदारीचं कवच उरत नाही, आणि लहान कंपन्यांकडून बँका ती सहसा मागतातच.

मुलं, आजारी सासू-सासरे, घर, यांच्यासाठी वेळ हवा म्हणून व्यवसाय करणाऱ्यांना, आणि यात बहुसंख्य बायका आहेत, माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी वेळ बघा, उत्पन्न नंतर. खाण्याचं दुकान यात बसत नाही. ठरावीक गिऱ्हाइकांचे डबे बसतात. ऐरोली-महापेच्या ऑफिसांना डबे देणार असाल तर लोक आठवड्यातले नेमके कुठले दिवस ऑफिसला येतात ते विचारूनच भाजी आणा. घरगुती डब्यांनाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि सोसायटीशी आधी बोललात तर पुढचे वाद टळतात.

एकटीला भीती वाटते, पण चौघी मिळून जमेल, असं असेल तर बचत गट किंवा सहकारी संस्था हीसुद्धा मालकीच आहे. लिज्जत पापड १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक असते. आपल्या भागात गट बांधायला महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, मदत करतं. मात्र इथे निर्णय सगळ्यांचा असतो, त्यामुळे "माझंच ऐकलं पाहिजे" हा स्वभाव असेल तर गटात पडू नका.

पायरी ३: चालू धंदा विकत घेताना

ज्याला शून्यापासून सुरुवात नको आणि लगेच आवक हवी, तो "चालू दुकान विकणे आहे" अशा पाट्यांकडे वळतो. हे चुकीचं नाही, पण विकणाऱ्याच्या वहीवर विसंबू नका. तीन वर्षांची जीएसटी विवरणपत्रं, बँकेचा उतारा आणि महावितरणची बिलं मागा. दिवसाला दोनशे प्लेट विकल्या जातात असं सांगतात, पण फ्रिज आणि ओव्हन असलेल्या दुकानाचं वीजबिल घरगुती बिलाएवढं असेल तर काहीतरी जुळत नाही. दूधवाला आणि गॅसवाला यांच्याशीही बोला.

जागा कोणाची, हा इथे सगळ्यात मोठा मुद्दा. एमआयडीसीचे भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले असतात, हस्तांतरणाला त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. सिडकोच्या जागांचंही तसंच. लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर करार नोंदणीकृत आहे का, किती महिने उरलेत, आणि मूळ मालक तुमच्याशी नवा करार करायला तयार आहे का, हे त्याच्या तोंडून ऐका. विकणाऱ्याच्या नावाचा अन्न परवाना तुमच्या नावावर चालत नाही, नवा काढायचा.

पायरी ४: आधी दुसऱ्याकडे उभे राहा

ज्या धंद्यात जायचंय त्यात महिनाभर तरी काम करा, बिनपगारी असलं तरी. फळांच्या व्यापाराचं मनात असेल तर वाशीच्या एपीएमसीत उजाडायच्या आधी जाऊन बसा. गाड्या रात्रीच लागतात आणि शहर जागं होईपर्यंत मोठा व्यवहार उरकलेला असतो. तुमच्या कागदावरच्या मंगळवारी सकाळी मुलीला शाळेत सोडायचं असं लिहिलं असेल, तर हा व्यापार तुमचा नाही, हे तिथे एका आठवड्यात समजेल. जांभळी नाक्याच्या किराणा बाजारात संध्याकाळी दुकान बंद होताना मालकाशेजारी उभे राहा. उधारीची वही कशी चालते, किती नाती सांभाळावी लागतात, ते तिथेच दिसेल. नोकरी सोडण्याचं पत्र यानंतर.

पायरी ५: पैसा

घरखर्चाचे किमान बारा महिने बाजूला ठेवा, त्याला धंद्यात हात लावायचा नाही. राहतं घर तारण ठेवू नका. हे मी सगळ्यांना सांगते आणि यात मी तडजोड करत नाही.

लहान धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जात शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत. तरुणमधलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट आहे. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मुख्यतः नवं युनिट उभारण्यासाठी असतं, म्हणून चालू दुकान विकत घेणाऱ्याने त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नये. पात्रतेच्या अटी ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणंही असतात. प्रकल्प अहवाल स्वतः लिहायला शिकाल, आणि तो लिहिताना आपलं कारण डळमळीत असेल तर तेही समजतं.

पायरी ६: कागदपत्रं, मालकी ठरल्यानंतरच

आधी मालकीचा प्रकार पक्का करा, कारण पॅन, चालू खातं आणि बाकी सगळ्या नोंदण्या त्या नावावर होतात. नंतर प्रोप्रायटरशिपची कंपनी केली तर बरंच पुन्हा करावं लागतं. जीएसटी: फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या विक्रीनंतर, सेवा देणाऱ्यांना २० लाखांनंतर बंधनकारक, आणि हॉटेल-खानावळ सेवेत मोडते. ऑनलाइन किंवा परराज्यात विकणार असाल तर नियम वेगळे, आधी विचारून घ्या. गुमास्ता, म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची सूचना किंवा नोंदणी, आणि व्यवसाय कर विसरू नका.

जॉबवर्क किंवा सेवा देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करावी. ती असली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि उशीर झाल्यास त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ मिळत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारच्या मदतीने पूर्णपणे मोफत होते. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी आणि फी मागणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे ना, ते बघूनच माहिती भरा.